टू बीएचके, गव्हाणीसह

घरात प्राणी आणायचा हट्ट पुरवला तर प्रकरण कुठवर जातं, हे नाशिककरांना कुणी सांगायला नको. पंचवटीत एका गृहिणीनं सोन्याच्या हरणासाठी हट्ट धरला. हे हरीण नव्हे, मारीच आहे, असं धाकट्या दिरानं बजावलंही होतं. थोरल्यानं तरी धनुष्य उचललं आणि पुढचा सगळा खर्च, समुद्रावरच्या पुलासकट, त्या एका हट्टापायी झाला. सीतागुंफेच्या रांगेत उभं राहून हीच गोष्ट मुलीला रंगवून सांगणारा बाप त्याच संध्याकाळी प्राण्यांच्या दुकानात उभा असतो. मुलगी काचेला नाक लावून म्हणते, "बाबा, तो पांढरा." सावध करायला शेजारी लक्ष्मण नसतो. दुकानदार असतो.

दुकानदार तीन वाक्यं बोलतो. "आवाज करत नाही. फिरवायला न्यावं लागत नाही. गाजर खातो." पहिल्या वाक्याची शहानिशा रात्री अडीच वाजता होते. कुठं काही खुट्ट झालं की ससा मागचा पाय जमिनीवर आपटून साऱ्या बिळाला धोक्याची सूचना देतो. त्याचं बीळ सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर असल्यानं ती सूचना पहिल्या मजल्यावरच्यांना आधी मिळते. दुसरं वाक्य खरं आहे. तिसऱ्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथल्या कार्टूनमधला एक ससा १९४० पासून पडद्यावर उभा राहून गाजर चावतोय आणि त्याच्या जिवावर जगभरचे दुकानदार ससे विकतायत. प्रत्यक्षात गाजर सशाला चालतं ते मधुमेह्याला जिलबी चालते तितपतच. सशाचं खरं अन्न गवत. वाळलेलं, रोज आणि अखंड.

हा गवताचा विषय ससा घेताना कुणी काढत नाही. लग्न ठरवताना घोरण्याचा काढत नाहीत तसाच.

सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. गवताच्या पात्यात सिलिका असते. जबडा आडवा फिरवत, मिनिटाला शंभराच्या वर वेळा, ससा ती पाती दळतो आणि त्यात दात झिजतात. गवत कमी पडलं की दाढांना धार येऊन त्या गालात नाहीतर जिभेत घुसतात. पोटाचंही तसंच. आतड्यांची हालचाल चालू राहते ती गवतातल्या चोथ्यावर. दहा-बारा तास सशानं काही खाल्लं नाही तर 'रुसलाय बहुतेक' म्हणत बसायचं नसतं, डॉक्टर गाठायचा असतो. त्यात सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेल्या मालाला एकच रस्ता, पुढचा. म्हणून रोज त्याच्यापुढं त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग पाहिजे.

आता गंमत बघा. ज्यांच्या आजोबांनी दावणीची जनावरं विकून शहर गाठलं, ज्यांच्या वडिलांना 'शेण काढायचं नसेल तर शीक' अशा शब्दांत शिक्षणाचं महत्त्व पटवण्यात आलं, त्याच घराण्याची तिसरी पिढी आज गंगापूर रोडला नाहीतर इंदिरानगरला हप्त्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये, पांढऱ्याशुभ्र फरशीवर, सकाळ-संध्याकाळ वैरण टाकते. गोठा सुटला होता. लिफ्टनं वर आला.

वैरण आणायची कुठून, हा पहिला प्रश्न. दुकानात टिमथी नावाचं गवत पाकिटातून मिळतं. हे थंड हवेतलं गवत. अठराव्या शतकात टिमथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्यानं अमेरिकेत त्याचा प्रसार केला म्हणून त्याला हे नाव पडलं. (आपल्याकडे शेतकऱ्याचं नाव गवताला देत नाहीत, फार तर कर्जमाफी योजनेला देतात.) समुद्र ओलांडून आलेल्या या गवताचा किलोचा भाव शेकड्यांत असतो. निफाडकडचे आमचे मामा एकदा घरी आले, त्यांनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं, किमतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे गवत का त्याचं बियाणं?"

"गवतच, मामा."

मामा बराच वेळ गप्प बसले. निफाडच्या माणसाच्या या गप्प बसण्याला इतिहास आहे. २०१८ साली निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये आले होते आणि त्यानं ते तसेच पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते. किलोला दीड रुपयाही पडला नव्हता. सशाच्या एका पाकिटात तेव्हाचा कितीतरी क्विंटल कांदा बसतो, हा हिशेब मामांनी मनातल्या मनात केला असावा. कारण चहा संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "भाचेबुवा, आम्ही उगाच कांदा लावतो."

पण मामा मनाचे मोठे. पुढच्या खेपेला बांधावरचं मारवेल वाळवून आणतो म्हणाले. त्यावर आमच्या मुलीनं त्यांना सुनावलं की द्राक्षबागेच्या बांधावरचं नको, डाऊनी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्या त्याच्यावर पण उडतात. मामा चाट पडले. आम्हीही पडलो. पोरीला डाऊनी आणि भुरी माहीत आहे, पण पाढे येत नाहीत. शेवटी त्र्यंबकच्या डोंगराकडचं गवत त्यांच्या व्याह्यांकरवी येऊ लागलं. पाऊस संपल्यावर कापलेलं, हिरवट रंग टिकलेलं, वासाला गोडसर. पोतं उघडलं की घरात काही क्षण दिवाळीच्या सुट्टीत आजोळी उतरल्यासारखं वाटतं, मग शिंका सुरू होतात. बाजारात हिरवी लसूणघासही मिळते आणि ससे तिच्यावर जीव टाकतात, पण ती वाढीच्या पिल्लांना ठीक. थोराड सशाला रोज दिली तर तिच्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं. इगतपुरीकडचा भाताचा पेंढा स्वस्त, पण कसात कमी, अंथरायला बरा.

आणलेलं गवत पावसाळ्यात टिकवणं ही आणखी एक विद्या. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलं की आठवड्यात बुरशी धरतं आणि बुरशीचं गवत सशाला विष. याबाबतीत मामांनी जो सल्ला दिला तो फुकट होता आणि त्या पाकिटापेक्षा मोलाचा होता. "खालून हवा, बाजूनं हवा, वरून सावली. कांदाचाळीचा नियम." तेव्हापासून आमच्या गॅलरीत जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, गोणपाटात, गवत नांदतं. कपडे वाळत घालायची जागा गेली. कपड्यांना सध्या खालून हवा नाही, बाजूनं नाही आणि वरून सावली आहे.

इथवर सगळं ठीक चाललेलं असतं. प्रश्न उभा राहतो तो गवत सशाच्या पुढं ठेवल्यावर. जमिनीवर गवत टाकलं की आमचा चिकू (नाशिकमधले निम्मे ससे बनी असतात आणि उरलेले चिकू) प्रथम त्याची पाहणी करतो. मग त्यातली एक काडी निवडण्यासाठी बाकीच्या नऊ उचलून बाजूला भिरकावतो. मग त्या ढिगावर बसतो. बसल्यावर जे व्हायचं ते होतं. आणि मग, आपणच बसलेलं ते गवत आता ओवळं झालं असं ठरवून, पुन्हा त्याला तोंड लावत नाही. भिंतीकडे तोंड करून बसतो. इतकं कडक सोवळं रामकुंडावरच्या गुरुजींकडेसुद्धा आता राहिलेलं नाही.

तोवर भिरकावलेल्या काड्या पंख्याच्या वाऱ्यावर घरभर गेलेल्या असतात. सोफ्याखाली, देव्हाऱ्यात, लॅपटॉपच्या कळांमध्ये. ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोरचा साहेब कॅमेऱ्यात बारीक डोळे करून विचारतो, "तुमच्या केसांत काय आहे ते?" आणि केर काढायला येणाऱ्या मावशी एके दिवशी झाडू दाराला टेकवून अगदी शांतपणे विचारतात, "ताई, ससा ठेवायचा का मला?"

गव्हाणीचा जन्म या वाक्यातून होतो. सशाच्या सोयीसाठी गव्हाण करतात असं ज्याला वाटतं, त्यानं त्या घरात झाडू हातात घेतलेला नसतो. सशाला गव्हाण नकोच असते. त्याच्या मते त्याची सोय परमेश्वरानं पृथ्वी निर्माण केली तेव्हाच झालेली आहे. गवत खाली असतं, आपणही खाली असतो. गव्हाण लागते ती मावशी टिकवण्यासाठी, आणि नाशकात ससा मिळणं सोपं आहे, मावशी मिळणं नाही.

मग मोबाइलवर परदेशी मंडळींचे व्हिडिओ पाहिले जातात. तिथं कुणी हसतमुख बाई सांगते की टॉयलेट पेपर संपला की आतली पुठ्ठ्याची नळी फेकू नका, तिच्यात गवत भरा. झालं. भारतीय संस्कृती आणि सशाचं हित यांचा पहिला थेट झगडा इथं होतो. ती नळी आपल्या घरात असणार कुठून? एका ओळखीच्यांनी एवढ्यासाठी तो कागद विकत आणला, नळी सशाला दिली आणि उरलेल्या कागदाचं काय करायचं यावर त्या घरात अजून चर्चा चालू आहे. यावर नाशिकपुरता उतारा म्हणजे मेन रोडवरची कापड दुकानं. कापडाच्या ताग्यात जाड पुठ्ठ्याची लांब नळी असते, मागितली तर सहसा फुकट मिळते. करवतीनं तिचे तुकडे केले, बाजूला भोकं पाडली, गवत कोंबलं की झाली गव्हाण. चिकूनं आधी ती गव्हाण खाल्ली. सावकाश, काठापासून. गवत नंतर, भूक उरली म्हणून.

पुठ्ठा गेल्यावर नजर धातूकडे वळते आणि धातू मराठी घरात स्वयंपाकघरात असतो. आमच्या आईचं स्टीलचं ताटाळं तिच्या लग्नानंतर भांडी बाजारातून घेतलेलं. नाशिकची प्रसिद्धी तांब्या-पितळेसाठी, पण आईनं तेव्हा हट्टानं स्टील घेतलं होतं. ताटं उभी राहावीत म्हणून त्याला ज्या सळ्या असतात, त्यांच्यामधलं अंतर सशाच्या तोंडाला इतकं अचूक बसतं की ताटाळ्याचा शोध लावणाऱ्याच्या घरी ससा असावा असा संशय येतो. ते सपाट भिंतीला टेकवून, मागं गवत भरून ठेवलं, आणि काय सांगावं, चिकू सळ्यांमधून एकेक काडी ओढून खाऊ लागला. केर निम्म्यावर आला. मावशी हसल्या. मग रविवारी जेवायला पाहुणे आले.

"ताटं कुठं आहेत गं?" आईनं आतून विचारलं.

"फ्रिजवर."

"आणि ताटाळं?"

या प्रश्नावर सगळ्यांनी चिकूकडे पाहिलं. त्यानं खाणं थांबवलं नाही. आई बाहेर आली, तिनं पाहिलं, आणि पाहुण्यांसमोर काही बोलायचं नाही या संस्कारामुळं ती पाहुणे जाईपर्यंत थांबली. नंतर जे बोलली त्यात माझ्या दहावीच्या निकालाचाही उल्लेख आला.

ही बातमी वरच्या मजल्यावर गेली आणि तिथून काका खाली आले. काकांची हयात ओझरच्या विमान कारखान्यात गेलेली. जिथं १९६० च्या दशकापासून मिग जोडले गेले आणि पुढं सुखोई बांधली गेली, तिथल्या हातांना निवृत्तीनंतर काय काम? सोसायटीच्या गेटला ग्रीस लावणे. त्यामुळं सशाची गव्हाण म्हटल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पाहून काकूंनी आम्हाला दुसऱ्या दिवशी भरली वांगी पाठवली. काका आले ते व्हर्निअर कॅलिपर घेऊन. त्यांनी चिकूच्या डोक्याची रुंदी मोजली. गालांसकट, गाल वगळून, कान मागं असताना, कान वर असताना. मग चहाच्या कपाशेजारी आलेखाचा कागद पसरून म्हणाले, "हे बघा, सगळा खेळ फटीचा आहे."

आणि फटीबद्दल काका जे बोलले ते कुठल्याही ससेवाल्यानं लिहून ठेवावं. सळ्यांमधली फट एक तर इतकी बारीक हवी की तिच्यातून नुसतं नाक जाईल, डोकं जाणारच नाही; नाहीतर इतकी मोठी हवी की आख्खा ससा आत जाऊन बाहेर येईल. या दोन्हींच्या मधली फट वाईट. डोकं आत जातं, पण बाहेर येताना कान आणि गाल आडवे येतात. ससा घाबरून मागं झटका देतो, आणि सशाचं हाड हलकं आणि मागच्या पायांचा जोर मोठा असल्यानं तो स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. बाजारात गवत भरायचे तारेचे गोल चेंडू मिळतात ते काकांनी या एका कारणासाठी रद्दबातल ठरवले. "डिझाइन फॉल्ट," ते म्हणाले. निवृत्त माणसाच्या तोंडी हे दोन शब्द इतक्या आनंदानं येतात की ऐकत राहावं.

मामांचा फोन त्याच वेळी स्पीकरवर होता. त्यांनी द्राक्षमांडवाची तार देऊ केली. बागेत किलोमीटर-किलोमीटर तार पडलेली असते, एक भेंडोळं नातीच्या सशासाठी गेलं तर काय बिघडलं? काका म्हणाले, नको. त्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो, ससा दिसेल ते कुरतडतो, आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा. मामा म्हणाले, आमची द्राक्षं त्याच तारेवर वाढतात आणि युरोपात जातात. काका म्हणाले, द्राक्षं तार चावत नाहीत. निफाड आणि ओझर यांच्यात या मुद्द्यावर थोडा वेळ तणाव होता. शेवटी काकांनी त्यांच्या संग्रहातल्या बिनगंजाच्या स्टीलच्या सळ्या काढल्या. तो संग्रह काकूंच्या पलंगाखाली असतो.

तयार झालेली गव्हाण बघायला सगळी विंग आली. पत्र्याच्या कडा आत वळवलेल्या, एकही टोक उघडं नाही, रिव्हेट एका रेषेत, उतार असा की गवत खाऊन कमी झालं की उरलेलं आपोआप खाली सरकावं. भिंतीला दोन फुटांवर टांगलेली. चिकूला समोर ठेवलं. तो मागच्या पायांवर उभा राहिला, मान ताणून त्यानं एक काडी ओढली, तिच्याबरोबर आलेला सगळा भुगा त्याच्या डोळ्यांत गेला आणि तो पलंगाखाली निघून गेला.

काका खचले नाहीत. पहिलं उड्डाण म्हटल्यावर असं होणारच. पण गोष्ट साधी होती आणि ती आईनं स्वयंपाकघराच्या दारातून सांगितली. "अहो भाऊजी, चरणारं जनावर कधी वर बघून खातं का? आमच्या वाड्यात गव्हाण गुडघ्याच्याही खाली होती." शंभर टक्के खरं. गाय असो, घोडा असो, ससा असो, मान खाली घालून खाणाऱ्याचा जबडा तसाच बसवलेला असतो, आणि वर टांगलेल्या गवताची धूळ नाका-डोळ्यांत जाते. गव्हाण खाली आली. फरशीपासून चार बोटं वर.

मग प्रश्न उरला जागेचा. त्याचं उत्तर शोधताना आईच्या डोळ्यांदेखत असं एक सत्य बाहेर आलं की ते पचवायला तिला वेळ लागला. ससा खातो तिथंच, खाता खाताच, लेंड्या टाकतो. दिवसाला दोनशे-तीनशे. म्हणून जाणकार लोक गव्हाण मुद्दाम त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या डोक्यावर बसवतात. ससा ट्रेमध्ये बसून खाणार, खाताना दुसरं कामही उरकणार, खाली सांडलेलं गवत ट्रेमध्येच राहणार, आणि ससा आपोआप तिथं जायला शिकणार. इतकी सोपी युक्ती, पण ज्या घरात न्हाणीघर आणि देव्हारा यांच्यात समाईक भिंत नको म्हणून दोन फ्लॅट नाकारले गेले, त्या घरात ही व्यवस्था मंजूर व्हायला बैठक घ्यावी लागते. "जेवताना?" आईनं पुन्हा पुन्हा विचारलं. "अगदी जेवतानाच?" ससा काही विशिष्ट मऊ लेंड्या परत खातो आणि त्याच्या तब्येतीला ते आवश्यकच असतं, ही माहिती आम्ही आईपासून आजवर दडवून ठेवली आहे. हा लेख तिच्या हाती लागू नये अशी व्यवस्था केलेली आहे.

मामांनी मात्र हार मानली नव्हती. पोळ्याच्या आधी बाजार भरतो तेव्हा ते बैलांचे गोंडे-कासरे घ्यायला गेले आणि आमच्यासाठी एक मुसकं घेऊन आले. सुताचं, छान विणलेलं. मळणीच्या वेळी बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जे बांधतात, ते. त्यात गवत भरून खुर्चीच्या पायाला आखूड बांधलं की जाळीच्या भोकांतून ससा काड्या ओढतो. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या खाण्यावर बंदी घालणाऱ्या वस्तूला नाशिकच्या एका फ्लॅटमध्ये अन्नछत्र चालवायला लागलं, यावर मामा स्वतःच इतके हसले की पाणी द्यावं लागलं. त्यावरून आईला शिंकं आठवलं. तिनं दुपारी बसून सुतळीचं शिंकं विणलं, अगदी कृष्णानं पळ काढावा असं. दोन्ही चांगली, पण नजर ठेवावी लागते. सैल जाळीत पंजा अडकतो, आणि नायलॉनची असेल तर ती पोटात जाते. सुताची जाळी चिकूनं रीतसर कुरतडून मोकळी केली. कुरतडण्यात तसा तो चोखंदळ नाही. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात त्या किती मेहनतीनं छापत असतील, आणि सोफ्यावर विसरलेली पाचशेची नोट त्यानं किती बारीक केली, हे एकत्र आठवलं की हळहळ वाटते.

सशाच्या मते उत्तम गव्हाण कोणती, याचे पुरावे अधूनमधून मिळतात. गणपतीत मिळाला. मखराच्या कडेनं, फुलांच्या माळेखाली, रविवार कारंज्यावरून आणलेली एकवीस दूर्वांची जुडी मूर्तीच्या पायाशी, बरोबर चिकूच्या नाकाच्या उंचीवर. उतार योग्य, फट योग्य, माल ताजा. हरळी म्हणजे सशाचं आवडतं गवत. आरतीला डोळे मिटून 'घालीन लोटांगण' म्हणत सगळे गोल फिरले आणि डोळे उघडले तेव्हा जुडीत देठ उरले होते. आईनं एरवी जे केलं असतं ते केलं नाही. गणपतीच्या नैवेद्याला उंदीर चालतो तर ससाही चालेल, असं म्हणून तिनं दुसरी जुडी वाहिली, आणि उरलेले दिवस चिकूला त्याची वेगळी जुडी मिळत गेली. मोजून एकवीस.

दुसरा पुरावा उन्हाळ्यात. तीस अंशांच्या वर सशाचे हाल सुरू होतात आणि नाशिकचा एप्रिल-मे आता चाळिशीला टेकतो. (थंडीत मात्र निफाडचा पारा घसरला की माणसं शेकोटीपाशी आणि ससा गॅलरीत उड्या मारतो.) म्हणून त्याच्यासाठी कूलर बाहेर काढला. कूलरच्या तीन बाजूंना जाळी आणि जाळीमागं दाबून भरलेलं गवतासारखं काहीतरी. चिकू कूलरसमोर बसून राहिला. आपल्या आयुष्यात एवढी मोठी, इतक्या उंचीची, विजेवर चालणारी, थंड गव्हाण कुणीतरी बांधली, या विचारानं त्याचं नाक मिनिटाला किती वेळा हललं ते काका मोजत होते. ते गवत नसतं, लाकडाचा कीस असतो, म्हणून कूलर स्टुलावर चढवावा लागला. वारा आता माणसांच्या डोक्यावरून जातो.

आणि या सगळ्या खटाटोपानंतर चिकू जेवतो कुठं? पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोचा एक रिकामा प्लास्टिक क्रेट मामा विसरून गेले होते. बाजूंना फटी असलेला, तळाला जाळी असलेला. त्याच्यात तात्पुरतं म्हणून गवत टाकलं. काका म्हणाले, छान, फटींमधून ओढून खाईल. चिकूनं क्रेटभोवती एक फेरी मारली, उडी मारली, आत जाऊन गवतावर बसला आणि बसल्या जागेवरून खाऊ लागला. ट्रे तिकडं मोकळा. आता क्रेटच ट्रेमध्ये ठेवतो, जाळीतून पडायचं ते खाली पडतं. मावशींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच करायचं होतं तर इतके दिवस काय विमान बनवत होता?" काका तिथंच उभे होते.

लेंड्यांना आता मागणी आहे. कोरड्या, वासरहित, थेट कुंडीत टाकता येतात, कुजवाव्या लागत नाहीत. मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद म्हटलं होतं, आणि सोसायटीच्या सचिवांना ते अजून तसंच असावं असं वाटतं. ज्यांनी 'पाळीव प्राण्यांच्या वैरणीमुळे ड्रेनेज तुंबल्यास' अशी नोटीस लावली होती, तेच आता दर रविवारी डबा घेऊन येतात आणि दारात विचारतात, "आहे का काही?" त्यांच्या गुलाबाला यंदा तळहाताएवढी फुलं आली. नोटीस अजून लावलेली आहे, तिच्यावर गुलाब प्रदर्शनाची दुसरी नोटीस चिकटवली आहे.

काकांनी मात्र क्रेट मनावर घेतला. त्यांचं म्हणणं, कल्पना बरोबर, माल हलका. तोच आकार बिनगंजाच्या स्टीलमध्ये, कडा गोल करून, तळाची जाळी काढता-घालता येईल असा केला तर नाशकातल्या सगळ्या ससेवाल्यांचा प्रश्न मिटेल. ते ड्रॉइंग घेऊन अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. त्यानं ड्रॉइंग पाहिलं, एवढं टापटीप ड्रॉइंग कित्येक वर्षांत पाहिलं नाही म्हणाला, आणि मग एक नग करून मिळणार नाही असं सांगितलं. कमीत कमी पन्नास.

काका संध्याकाळी आमच्याकडे बसले होते. "सशाच्या मादीचे दिवस किती असतात हो?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर," मुलगी म्हणाली. "तीस-एकतीस दिवस. एका वेळी सहा-सात पिल्लं."

काकांनी कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला. "म्हणजे आठ महिन्यांत पन्नास. मधे पिल्लांना पिल्लं झाली तर त्याच्याही आत. एक मादी फक्त आणावी लागेल."

"आणि पन्नास सशांचं गवत ठेवायचं कुठं?" आईनं आतून विचारलं.

काकांनी कागद उलटा केला आणि कांदाचाळीचं एलिव्हेशन काढायला घेतलं.